घरातली बारनिशी



मागच्या श्रावणात खाडीकाठच्या एका गावात आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले. मग आम्ही सगळ्यांना सांगितलं, आता घरी जा आणि पोस्टमनने, शिपायाने, कोतवालाने आणून दिलेला जेवढा कागद घरात असेल तेवढा घेऊन या. निवडत बसू नका, आहे तसा आणा. बायका हसल्या. एक म्हणाली, "रद्दीवाला बोलवलाय काय ताई?"

अर्ध्या तासात समाजमंदिराची सतरंजी भरली. कुणी रेक्झिनची पिशवी आणली, कुणी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कुणी साडीचं खोकं. एकीने उशीचा अभ्राच आणला, वरून गाठ मारलेला. आत काय नव्हतं? वीजबिलं, लग्नपत्रिका, घरपट्टीच्या मागण्या, विम्याच्या पावत्या, बँकेची पत्रं, मुलाच्या शाळेचा दाखला, आणि त्यातच सातबारा. चार-चार वर्षांचं एकावर एक.

अभ्रा आणणाऱ्या बाईच्या गठ्ठ्यात एक खाकी पाकीट निघालं. बंद, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर तिच्या सासऱ्यांचं नाव. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. आम्ही विचारलं, उघडलं का नाही? ती म्हणाली, "त्यांच्या नावाचं होतं. मेलेल्या माणसाचं पत्र कुणी फोडायचं?"

तिच्या परवानगीने आम्ही ते फोडलं. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या भूखंडाबद्दलचं पत्र होतं. वारसांचे कागद अमुक तारखेच्या आत सादर करा, एवढंच लिहिलेलं. ती तारीख जाऊन तेरा महिने झाले होते.

सतरंजीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. घरात येणारा कागद आपण असा का ठेवतो, पूर्वी कसा ठेवत, आणि तो नीट न ठेवल्यामुळे आपल्या मुलखात कुणाचं काय गेलं, हे शोधत गेलो. आजच्या बोलण्यात तेच सांगायचं आहे.

तहसील कचेरीत अर्ज द्यायला गेलात की पहिल्यांदा कुठल्या टेबलावर पाठवतात? आवक-जावकच्या. त्या टेबलाचं जुनं नाव बारनिशी. आजही कित्येक कचेऱ्यांत खिडकीवर तीच पाटी असते. आम्हाला वाटायचं, हा काहीतरी सरकारी शब्द असेल. तो शब्द मराठेशाहीतला आहे. जुन्या सनदा-पत्रांवर 'बार' असा शेरा असे. म्हणजे कागदाची वहीत नोंद झाली. नोंद झाल्याशिवाय कागद पुढे जात नसे आणि आलेला कागद आत येत नसे. आपण अर्जाच्या प्रतीवर जो गोल शिक्का आणि नंबर मारून घेतो, तो त्याच 'बार'चा नातू.

दुसरा शब्द दप्तर. आपली मुलं पाठीला लावून शाळेत नेतात ते. पण दप्तर म्हणजे मुळात कचेरीचे कागद. पेशव्यांचं दप्तर पुण्यात होतं, नाना फडणविसांचं वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात होतं, आणि गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. हे कागद कपाटात नव्हते की फायलीत नव्हते. जाड सुती कापडाच्या चौकोनी तुकड्यात गठ्ठा ठेवायचा, चारी पदर वर घ्यायचे आणि गाठ मारायची. त्याला म्हणायचे रुमाल. पुण्याच्या पुराभिलेखागारात असे हजारो रुमाल आहेत, नंबर घातलेले. म्हणजे आमच्या त्या बाईचा गाठ मारलेला अभ्रा काही वेडेपणाचा नव्हता. रीत तीच होती. फक्त रुमालावर नंबर नव्हता आणि आत काय आहे त्याची यादी नव्हती. बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला तेव्हा लढायांच्या तारखा पाठ केल्या होत्या. रुमालाची गाठ मात्र तेव्हा कुणी दाखवली नव्हती.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि हे दप्तर इंग्रजांच्या हातात गेलं. त्यांनी ते जपलं, पण का जपलं ते ऐका. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्यांच्याकडे सारामाफीच्या, इनामाच्या जमिनी होत्या त्यांना सांगण्यात आलं, कागद दाखवा. सनद कुठे आहे, कुणी दिली, वंशपरंपरा दिली की हयातीपुरती? लोकांनी घरचे रुमाल सोडले. कुणाची सनद वाळवीने खाल्लेली, कुणाची भावकीत वाटणीच्या वेळी दुसऱ्या घरी गेलेली, कुणाची आजोबांच्या काळात आग लागून जळलेली. घरी कागद नाही आणि सरकारी दप्तरातही नोंद सापडत नाही, अशांची इनामं गेली. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन, साऱ्या गावाला ठाऊक असलेली, पण कमिशनपुढे गाव काय सांगतं याला किंमत नव्हती. तिथे चालायचा तो कागद.

इनामदारांबद्दल हळहळ वाटावी असं आमचं म्हणणं नाही. आपल्या आज्या-पणज्या इनामदार नव्हत्या, त्यांच्या शेतात राबणाऱ्या होत्या. पण पुढे तीच पाळी कुळांवरही आली. कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, त्याला मालक व्हायची वाट मोकळी झाली. पण कसतो हे दाखवायचं कशाने? पीकपाहणीत नाव हवं किंवा खंड दिल्याची पावती हवी. भाताची कणगी भरून खंड घालणाऱ्याने पावती मागितली होती का, आणि मागितली असली तर ती झोपडीत तीस पावसाळे टिकली होती का?

इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून लोकांच्या माळ्यावरचे जुने मोडी कागद गोळा करायचे. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात पानिपताच्या काळातली पत्रं आहेत आणि ती वाईला एका घरातून मिळाली होती. पानिपताची लढाई १७६१ ची. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त ती पत्रं कुणाच्या तरी घरात पडून होती. राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथेही असे रुमाल आले. पुढे गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले.

जे वाचलं ते असं. जे गेलं त्यात आपलाही हात आहे बरं का. जुने कागद भिजत घालायचे, मेथी वाटून त्यात मिसळायची, कुटून लगदा करायचा आणि पातेल्यावर थापून टोपली करायची, ही रीत कित्येक घरांत होती. आमच्या आजीच्या काळच्या अशा टोपल्या आम्ही पाहिल्या आहेत, वजनाला हलक्या आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. त्या टोपल्यांत कुणाची फारखती, कुणाची वाटणी कुटली गेली असेल कोण जाणे. वाचता येत नसलेल्या बाईला मोडी कागद आणि रद्दी यांतला फरक कुणी सांगितला होता?

बाईने लिहिलेला कागद तर त्याहून दुर्मीळ. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज सांगितली जातात, १८५६, १८६८ आणि १८७७ मधली. शेवटचं दुष्काळातलं आहे, जुन्नर भागातून लिहिलेलं. एवढ्या मोठ्या बाईची तीन पत्रं. बाकीची लिहिली नसतील असं आम्हाला काही वाटत नाही.

आता टपालाकडे येऊ. सरकारी टपाल पूर्वीही होतं, पण साऱ्या देशाला एका दराने पत्र पाठवायची सोय १८५४ मध्ये झाली. अर्ध्या आण्याचं तिकीट लावलं की पत्र निघालं. पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याचं. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांत आपले कोकणातले चाकरमानी भरले होते. त्यांच्या घरच्या चुली या मनीऑर्डरीवर पेटायच्या. पोस्टमन दारात यायचा, ओसरीवर बसायचा, पैसे मोजायचा आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. बाई अंगठा उठवायची. साक्षीदार म्हणून शेजारचा कुणीतरी सही करायचा. नवऱ्याचा निरोप साऱ्या आळीला कळायचा तो असा. खाजगी काही नसायचंच.

आलेलं कार्ड कुठे जायचं? तारेवर. जुन्या घरांत भिंतीला किंवा तुळईला एक लोखंडी तार टांगलेली असे, खालचं टोक वर वळवलेलं. कार्ड वाचून झालं की त्या टोकाला टोचायचं. दुकानदारही बिलं अशीच टोचायचे. ही तार आम्हाला फार हुशारीची वाटते. जे आधी आलं ते खाली, जे नंतर आलं ते वर. तारखेप्रमाणे कागद आपोआप लागायचे, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या हातूनसुद्धा. वर्षाने तार भरली की दिवाळीच्या साफसफाईत सगळं काढून बंबात जायचं किंवा ट्रंकेत जायचं.

एक पत्र मात्र तारेवर कधीच जात नसे. मयताचं. त्यावर वरती 'श्री' नसे, कोपरा फाडलेला असे. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडायचं, आणि मग आंघोळ. आमच्या गटातल्या वयस्क बायकांना हे सगळं आठवतं. एक मावशी म्हणाल्या की घरात लिहिता-वाचता येणारं कुणीच नव्हतं, तरी कोपरा पाहूनच रडं फुटायचं. पत्राच्या अंगावरून ते कसलं आहे हे ओळखायची विद्या आपल्याकडे होती. हळद-कुंकवाचं बोट लागलेली पत्रिका देवापुढे जायची, कोपरा फाटलेलं पत्र बाहेरच्या बाहेर जायचं, आणि बाकी सगळं तारेवर. त्यात सरकारी खाकी लिफाफ्याला जागाच नव्हती, कारण तो फार घरी येतच नव्हता. म्हणून तो आला की आपण बिचकायचो. देवाच्या फोटोमागे सरकवून द्यायचो, घरातला पुरुष माणूस आला की बघेल म्हणून.

आणि मग आपल्या भागात तो लिफाफा घरोघर यायला लागला.

१९७० सालची गोष्ट. मुंबईला जोडशहर वसवायचं ठरलं. त्या वर्षी मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ८६ गावांची १५,९५४ हेक्टर खाजगी जमीन संपादनासाठी जाहीर झाली. १९७३ च्या ऑगस्टमध्ये आणखी २,८७० हेक्टरची भर पडली. अशी ही ९५ गावं. त्यांत भातखाचरं होती, खारजमिनी होत्या, मिठागरं होती. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं.

संपादन ज्या कायद्याने झालं तो १८९४ चा. इंग्रजांनी केलेला. त्यात प्रत्येक पायरीला कागद होता आणि प्रत्येक कागदाला मुदत. कलम ४ ची जाहीर सूचना निघाली की हरकत घ्यायला तीस दिवस. मग कलम ६ ची घोषणा. मग कलम ९ ची नोटीस, तुमचा जमिनीतला हक्क काय ते येऊन सांगा म्हणून. मग निवाडा, म्हणजे किती पैसे मिळणार तो आकडा. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर नसाल तर १२(२) ची नोटीस. आकडा कमी वाटला तर कलम १८ खाली कोर्टाकडे पाठवा असा अर्ज करता येत होता. पण कधी? निवाड्याला हजर असाल तर त्या दिवसापासून सहा आठवडे. नसाल तर नोटीस हातात पडल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. आणि पैसे उचलताना 'हरकत राखून घेतले' असं नोंदवलं नसेल तर तो अर्ज करायचा हक्कच जात होता.

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. लावणी सुरू झाली की ती उरकेपर्यंत तेवढे निघून जातात. हातात कागद कधी पडला हे दाखवायला काय हवं? पाकीट. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का. आपण काय करतो? पत्र काढून घेतो आणि पाकिटात शेवयाच्या पिठाचा हिशोब लिहितो.

पण आम्हाला या कायद्यात सगळ्यात जास्त टोचलं ते कलम ४५. नोटीस कशी बजावायची ते त्यात सांगितलंय. ज्याच्या नावाची आहे तो माणूस सापडला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाला द्यावी. असा पुरुष नसेल तर घराच्या बाहेरच्या दारावर डकवावी. रजिस्टर पोस्टाने पाठवायची मुभा होती, पण साधी रीत ही. नीट ऐका मैत्रिणींनो. नवरा मिठागरावर गेला, दीर मुंबईला, घरात सासू आहे, सून आहे, नणंद आहे. तिघी जाणत्या. तरी कायद्याच्या लेखी त्या घरात नोटीस घ्यायला कुणीच नाही. दाराला लावा आणि जा. त्या दाराआड चूल पेटवणाऱ्या बाईचा हात कागद घेण्याच्या लायकीचा नव्हता. १९७१ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांतल्या बावीस बायकांनाच लिहिता-वाचता येत होतं, त्यामुळे तिने तरी घेऊन काय केलं असतं, असं कुणी म्हणेल. पण न वाचता येणाऱ्या पुरुषाला कायद्याने हा प्रश्न विचारला नव्हता.

हा १८९४ चा कायदा २०१३ च्या अखेरपर्यंत चालला. म्हणजे आपल्याकडची जवळपास सगळी जमीन याच कलमाखाली गेली. दिवाणी दाव्यांत तोच नियम होता. समन्स घरच्या प्रौढ पुरुषाला द्यायचं. १९७६ च्या दुरुस्तीने तिथे 'पुरुष असो वा स्त्री' असे शब्द घातले गेले. फौजदारी समन्सला तर २०२४ उजाडलं. त्या वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'पुरुष' हा शब्द गेला आणि नुसता 'प्रौढ सदस्य' राहिला. आमच्या गटातल्या मुली हे ऐकून म्हणाल्या, काहीतरीच काय. पण खरंच, परवापरवापर्यंत कोर्टाचं समन्स आलं आणि घरात एकटी बाई असली, तर कायद्याच्या हिशेबी ते घर रिकामं होतं.

पुढची हकीगत तुम्हाला ठाऊक आहे. कमी मोबदला आणि पुनर्वसनाचा पत्ता नाही म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, १६ आणि १७ जानेवारी १९८४, जासई परिसरात गोळीबार आणि पाच हुतात्मे. त्या लढ्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यानंतर १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांची योजना आली, १९९४ मध्ये तिची व्याप्ती वाढली. संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, हातात पावणेनऊ येतात. विमानतळाच्या गावांसाठी पुढे साडेबावीस टक्क्यांचं ठरलं.

गोळ्या खाऊन हे मिळालं. पण मिळाल्यावर ते घरापर्यंत आलं कशाने? पुन्हा कागदाने. मूळ निवाड्यात नाव कुणाचं, मोबदल्याची पावती कुठे, वारसदाखला काढलाय का, बहिणींची नावं घातलीत का. तोपर्यंत निवाड्याला वीस वर्षं होऊन गेली होती. ज्याच्या नावे निवाडा तो म्हातारा गेलेला. मुलींची लग्नं झालेली, माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधार कार्डावर तिसरं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि केंद्राने २००५ मध्ये. पण पत्र जातं भावाच्या पत्त्यावर. ते तिला दाखवायचं की नुसतं हक्कसोडीवर सही घ्यायला बोलवायचं, हे भाऊ ठरवतो. भाऊबिजेच्या ताटाला आम्ही नाव ठेवत नाही. पण सही करण्याआधी मूळ पत्र मागून घ्या, एवढं आम्ही आमच्या प्रत्येक गटात सांगतो.

भरीला कोकणातला पाऊस आहेच. २६ जुलै २००५ ला रायगडात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंका पलंगाखाली होत्या. भांडी धुऊन परत मिळाली. ट्रंकेत राहिला तो लगदा, आणि त्याची टोपलीसुद्धा कुणी केली नाही.

सरकारने आपल्या कचेऱ्यांतल्या कागदांचं काय केलं, तेही पाहिलं. महसूल खात्यात कागदाचं आयुष्य अक्षरांनी ठरतं. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'क-१' पाच आणि 'ड' एक वर्ष. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी तिथल्या कचेरीतली कामाची आणि कागदांची पद्धत अशी बदलली की 'लखिना पॅटर्न' म्हणून लोक बघायला जायचे. कचेऱ्यांत सहा गठ्ठा पद्धतही आहे. टेबलावरचे सगळे कागद सहाच गठ्ठ्यांत विभागायचे. चालू कामाचे, उत्तराची वाट बघायचे, ठरावीक काळाने द्यायच्या माहितीचे, कायम आदेशांचे, अभिलेखात पाठवायचे आणि नाश करायचे.

आम्हाला हे आवडलं. पण घरात सहा गठ्ठे कोण करणार, आम्हीही नाही केले. आमच्या गटांनी तीन केले, जुन्या साडीच्या तीन रंगांच्या रुमालांत. लाल रुमालात मुदतीचा कागद, म्हणजे ज्यात 'इतक्या दिवसांत' असं कुठेही लिहिलंय तो. तो पाकिटासकट ठेवायचा, पाकिटावर हातात पडल्याची तारीख पेन्सिलने घालायची, आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या चौकोनात लिहायची, दुधाच्या खाड्यांशेजारी. हिरव्या रुमालात कायमचा, म्हणजे निवाडा, सातबारा, फेरफार, वारसदाखला, जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या. पांढऱ्यात वर्षाचा, वीजबिलं वगैरे. पाडव्याला पांढरा सोडायचा आणि नको ते काढायचं. टाचणी लावायची नाही, आपल्या हवेत गंजते आणि कागद खाते. दोरा ओवायचा. महत्त्वाचा कागद लॅमिनेट करून आणायचा नाही, पुढे शिक्का तपासायला अडचण येते. रुमाल जमिनीवर किंवा पलंगाखाली नाही, माळ्यावर, आत कडुनिंबाचा पाला. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटो काढला म्हणून मूळ कागद टाकायचा नाही.

आणि एक वही. गटाचं रजिस्टर लिहितो तशीच. तारीख, कुणाकडून आलं, कुणाच्या नावे, कशाबद्दल, काय केलं. पाच रकाने. हीच घरातली बारनिशी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातीकडून लिहून घ्यावी, नात दप्तर घेऊन शाळेत जातेच.

लिफाफा घ्यायचाच नाही, म्हणजे नोटीस लागू होणार नाही, असा एक समज गावोगाव आहे. तो साफ खोटा. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेलं पत्र पोचलं असंच कायदा धरून चालतो, आणि नाकारलेलं पत्र मिळाल्यासारखंच मानतात. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये मिळवून टाकलंय, म्हणून पाकिटावर 'रजिस्टर' दिसलं नाही तरी ते साधं समजू नका. पोस्टमन सही मागतो म्हणजे कागद वजनाचा आहे.

आता त्या अभ्रावाल्या बाईबद्दल. आम्ही तिच्यासोबत बसून अर्ज लिहिला. सासरे कधी वारले, पत्र कुणाच्या नावे आलं, घरात का उघडलं गेलं नाही, सगळं जसं घडलं तसं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि त्या पाकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडली. नणंदेची सही हवी होती. ती माहेरी येऊन करून गेली, आणि वारसांत आपलं नाव आहे हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग एसटीने पनवेलला गेलो. बारनिशीच्या खिडकीत अर्ज दिला, आमच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. नंबर अस्पष्ट उठला होता, म्हणून तिने खिडकीतल्या माणसाला पुन्हा मारायला लावला. आम्हाला तर ते सुचलंही नव्हतं.

अजून उत्तर आलेलं नाही. तिच्या वहीत पहिल्या पानावर पहिली नोंद त्याच अर्जाची आहे, शेवटचा रकाना रिकामा. पोस्टमनला तिने सांगून ठेवलंय, सासऱ्यांच्या नावाचं आलं तरी माझ्याच हातात द्या, मी घेईन आणि सही मी करीन.